त्याला आणखी वाढू देऊ नका: रेसलिंगच्या प्रमोटर आणि बुकर मंडळींना खुलं पत्र

रेसलिंगचे शो भरवणारे सर्व प्रमोटर, कोण कुणाशी लढणार आणि कोण जिंकणार ते ठरवणारे बुकर आणि कंपन्यांचे मालक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एकांनी मला बोलावून घेतलं. एक मुलगा सापडलाय, वय एकोणीस, उंची सात फूट एक इंच, त्याला पडायला शिकवा, एवढंच काम होतं. मी गेलो. मुलगा गुणी आहे. दोनदा चुकला तर तिसऱ्यांदा बरोबर करतो. समोरच्याला लागू नये म्हणून हात आपसूक आखडता घेतो, आणि ही गोष्ट शिकवून येत नाही. फक्त बाजूने कुणी अंगावर आलं की तो दचकत होता. इतर पोरं म्हणत होती, याचं लक्ष नसतं.

तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तो बूट काढत बसला होता. बुटांची टोकं ब्लेडने कापलेली होती. विचारलं तर म्हणाला, "दादा, वर्षभरातला हा तिसरा जोड. बोटं मावेनात म्हणून कापले." डाव्या हाताच्या बोटावर पांढरा वळ होता. तिथली अंगठी निघेना म्हणून कापून काढावी लागली होती. डोकं रोज दुखतं, म्हणाला. आणि समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही बाजूंचं दिसत नाही.

मी त्याला पुढे काही विचारायच्या आधीच त्याने बॅगेतून डॉक्टरांचा कागद काढला. पिट्युटरी ग्रंथीत गाठ, दृष्टीच्या नसेवर दाब, शस्त्रक्रिया लवकरात लवकर. कागदाला चार महिने झाले होते.

मी तो कागद घेऊन ऑफिसात गेलो. उत्तर मिळालं, "मोठी टूर होऊ दे, मग बघू. अजून वाढतोय ना? वाढू दे की."

हे बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे वाक्य त्यांच्या एकट्याचं नाही. सतरा वर्षांपूर्वी मला ते दुसऱ्याच ऑफिसात, दुसऱ्याच माणसाने ऐकवलं होतं. आणि मी ऐकून गप्प बसलो होतो.

मी चौदा वर्षं रिंगमध्ये काढली. खरी उंची सहा फूट अकरा, निवेदक सात फूट तीन सांगायचा, आणि मधले चार इंच भरून काढायला बुटात टाच घालून द्यायचे. एकोणतिसाव्या वर्षी माझं निदान झालं. "हा सीझन होऊ दे" असं करत तीन वर्षं गेली. बत्तिसाव्या वर्षी ऑपरेशन झालं. त्या तीन वर्षांत माझा खालचा जबडा पुढे आला, दातांमध्ये फटी पडल्या आणि हृदयाची भिंत जाड झाली. जबड्याचं मला काही वाटत नाही. हृदयाच्या गोळ्या मात्र मी रोज घेतो. आज मी शेहेचाळीस वर्षांचा आहे. १९९३ च्या जानेवारीत पॅरिसच्या एका हॉटेलात झोपेत याच आजाराचे पैलवान आंद्रे द जायंट गेले, तेव्हा त्यांचंही वय शेहेचाळीसच होतं. वडिलांच्या अंत्यविधीसाठी ते आले होते. हृदय थकलं होतं.

ज्यांना हा आजार ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचं संप्रेरक बेसुमार तयार होतं. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. हाडांची टोकं जुळायच्या आधी असं झालं तर माणूस उंच होत राहतो. जुळल्यानंतर झालं तर हात, पाय, जबडा, जीभ, हृदय हे वाढत राहतं. त्याला ॲक्रोमेगली म्हणतात. आमच्यापैकी अनेकांना दोन्ही होतं, एकामागून एक. सोबत मधुमेह, सांधेदुखी, झोपेत श्वास अडकणं हेही येतं. इलाज आहे. बहुतेकदा नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढतात, उरलं तर औषधं आणि रेडिएशन.

आता नीट ऐका, कारण तुमचा सगळा गैरसमज इथे आहे. ऑपरेशनने उंची एक इंचही कमी होत नाही. सात फूट एक इंचाचा मुलगा ऑपरेशननंतरही सात फूट एक इंचच राहतो. पोस्टरवर त्याचा फोटो तसाच येईल, तिकिटं तशीच विकली जातील. थांबतं ते फक्त पुढचं वाढणं. आणि त्या पुढच्या वाढण्यात त्याचे डोळे आणि त्याचं हृदय जातं.

उदाहरणं तुमच्याच धंद्यातली आहेत. बिग शो, म्हणजे पॉल वाइट, यांचं पिट्युटरीचं ऑपरेशन कुस्तीत यायच्या आधी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झालं. १९९५ मध्ये त्यांना आंद्रेंचा मुलगा म्हणून रिंगमध्ये आणलं गेलं. ते खोटं होतं, पण वीस वर्षांहून जास्त काळ ते उभे राहिले, हे खरं आहे. ओमॉस हे आजचे जायंटही ऑपरेशन करूनच या धंद्यात आले. द ग्रेट खली, म्हणजे दलीप सिंग राणा, यांची गाठ २०१२ मध्ये पिट्सबर्गला काढली. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते, वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन होऊन पाच वर्षं झाली होती. ऑपरेशननंतर ते परत रिंगमध्ये उतरले. यांच्यापैकी कुणाचीही उंची कमी झाल्याचं तुम्ही पाहिलंत का?

दुसऱ्या बाजूला होर्हे गोन्सालेस आठवा. अर्जेंटिनाचा बास्केटबॉल खेळाडू, १९८८ मध्ये अटलांटा हॉक्सने त्याची निवड केली होती. उंची सात फूट सात इंच. तेवढ्यानेही समाधान झालं नाही म्हणून त्याला आठ फुटी म्हणून सांगितलं. १९९३ मध्ये रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोमध्ये अंडरटेकर या नावाजलेल्या पैलवानासमोर उभं केलं तेव्हा त्याच्या अंगात स्नायू रंगवलेला आणि केस चिकटवलेला तंग पोशाख होता. मधुमेहाने पुढे तो व्हीलचेअरवर आला. २०१० मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. तो पोशाख मला अजून छळतो. एवढा उंच, धडधाकट खेळाडू तुमच्याकडे आला होता, आणि तुम्हाला त्याचं खरं अंगसुद्धा पुरलं नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली दोरीची. बाहेरच्याला ही बाब क्षुल्लक वाटेल, पण माझ्या उजव्या गुडघ्याचं मातेरं या एका गोष्टीने केलं. बाकीचे पैलवान वाकून दोऱ्यांमधून आत शिरतात. जायंटने सगळ्यात वरच्या दोरीवरून पाय टाकून यायचं असतं. ती दोरी माझ्याही कमरेच्या वर यायची. दोन्ही हातांनी ती खाली दाबायची, एक पाय पलीकडे टाकायचा, आणि त्या क्षणी एकशे ऐंशी किलो वजन एका वाकलेल्या, किंचित पिळलेल्या गुडघ्यावर येतं. डोळ्यांवर दिवे असतात. तोल गेला तर हसं होतं. पाय पलीकडे पडला की प्रेक्षकांतून जो आवाज उठतो तो मला आजही ऐकू येतो, आणि त्या आवाजासाठी मी आनंदाने हे करायचो, तेही सांगून टाकतो. पण चौतिसाव्या वर्षी गुडघा साथ देईना. मी बुकरना म्हटलं, आता दोऱ्यांमधून जातो. ते म्हणाले, "वाकून आत गेला तर तो जायंट कसला?"

त्यानंतर दोन वर्षं मी प्रत्येक शोच्या तीन तास आधी रिकाम्या हॉलमध्ये जायचो. खुर्च्या मांडणारी पोरं काम थांबवून बघायची. मी दोरी दाबायचो, पाय उचलायचो, परत ठेवायचो. दहातले सात प्रयत्न जमले तर त्या रात्री वरून जायचं, नाहीतर कपाळाला आठ्या घालून, रागात असल्यासारखं दाखवून रिंगच्या कडेला बसायचं आणि फिरून आत जायचं, असं मी ठरवलं होतं. त्या पोरांपैकी एकजण एकदा जवळ आला, काही न बोलता त्याने वरची दोरी दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. त्या दिवशी दहाच्या दहा जमले. शोच्या वेळी मात्र तो तिथे नसणार होता.

दुसरी तक्रार पडण्याची. जायंट पडत नाही, म्हणून त्याला पडायला शिकवत नाहीत. महिनोन्महिने कुणी त्याला आडवं करत नाही, म्हणजे मग जो आडवा करील त्याचं नाव होईल. आणि मग एके दिवशी तोच मोठा बंप, म्हणजे पाठीवर आपटून पडणं, तोही सरावाशिवाय, फोमची पातळ गादी टाकलेल्या लाकडी फळ्यांवर. हिशेब साधा आहे. पाच फूट दहा इंचांचा माणूस त्याच बांध्यात सात फुटांचा केला तर उंची १.२ पट होते, हाडाची जाडी, म्हणजे कापून पाहिलं तर दिसणारं क्षेत्रफळ, १.४४ पट होतं, पण वजन १.७३ पट होतं. म्हणजे दोघेही तसेच पडले तरी माझ्या हाडाला जास्त सोसावं लागतं. वर ते हाड आजाराने वाढलेलं, सांध्यातली कूर्चा झिजलेली.

१९८७ च्या २९ मार्चला पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनने आंद्रेंना उचलून आपटलं. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ सांगितला, त्यावर आजही वाद आहे. वाद नाही तो याबद्दल, की आंद्रेंच्या पाठीची शस्त्रक्रिया झालेली होती आणि पोशाखाखाली त्यांनी पट्टा बांधला होता. त्या मॅचमध्ये ते बराच वेळ होगनला मिठीत आवळून उभे आहेत. समालोचक त्याला ताकद म्हणतात. मी ती मॅच पाहतो तेव्हा मला दिसतं, की ज्याची पाठ आणि गुडघे गेलेत तो माणूस समोरच्याच्या खांद्यावर भार टाकून क्षणभर विसावतोय. मीही असाच विसावलोय. आणि उचलण्याच्या क्षणी आंद्रेंनी साथ दिली नसती तर तो स्लॅम झालाच नसता. दुखऱ्या पाठीने त्यांनी ती दिली, कारण समोरच्याला मोठं करायचं होतं. हे काम करणाऱ्याला "संथ आहे, कंटाळवाणा आहे" म्हणणारे प्रेक्षक मी समजू शकतो. बुकरने तसं म्हणणं मला समजत नाही.

शिकवण्याची दुसरीही बाजू आहे. अर्धवट शिकलेला जायंट दुसऱ्यालाही धोका असतो. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रशिक्षण केंद्रात सरावात एका नवशिक्या तरुणाचा जीव गेला. त्याला उचलून टाकणारा साथीदार हेच दलीप सिंग, पुढचे खली, होते, तेही तेव्हा शिकतच होते. पुढे खटला झाला आणि ज्युरीने जबाबदार धरलं ते केंद्राला. शिकवणाऱ्याची जबाबदारी काय असते, हे न्यायालयात ठरून गेलेलं आहे. आज आपला हा मुलगा बाजूचं पाहू शकत नाही. चार जणांच्या टॅग मॅचमध्ये, म्हणजे जोडीच्या लढतीत, कोपऱ्यातून कुणी उडी घेतली तर त्याला ती दिसणार नाही, आणि उडी घेणाऱ्याला वाटेल की तो झेलायला तयार आहे. कुणाची मान मोडल्यावर तुम्ही त्या पोरांसारखंच म्हणणार का, याचं लक्ष नव्हतं?

तिसरी तपासणीची. शोच्या आधी डॉक्टर रक्तदाब घेतात. साधा पट्टा माझ्या दंडाला पुरत नाही, आणि लहान पट्टा ताणून बांधला की रक्तदाब असतो त्याहून जास्त दिसतो. मोठा पट्टा मिळतो, कुणी आणत नाही. एका शोला पट्टा बसेचना, तेव्हा माझ्या कागदावर आदल्या शोचा आकडा उतरवून सही झाली. मी स्वतः पाहिलं, आणि मी रिंगमध्ये गेलो. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावायचं असतं. रात्रभर बसच्या सीटवर घडी होऊन प्रवास केला की ते मशीन बॅगेतच राहतं. आणि रिंगमध्ये काही झालं, भूल द्यायची वेळ आली, तर मोठी जीभ आणि वाढलेला जबडा यामुळे घशात नळी घालणं अवघड जातं. हे आधी सांगितलेलं असावं लागतं. माझ्या चौदा वर्षांत कुणी रुग्णालयाला आधी सांगून ठेवल्याचं मला आठवत नाही.

चौथी, भूमिकांची. गुहेतून आलेला, बोलता न येणारा, परका, रानटी. १९४० च्या सुमारास मोरीस तिये या पैलवानाला ॲक्रोमेगलीमुळे बदललेल्या चेहऱ्यावरून राक्षस म्हणून पोस्टरवर छापलं, आणि त्यानंतर तुमची कल्पनाशक्ती फारशी पुढे गेलेली नाही. मी उत्तम बोलतो. चौदा वर्षांत मला माइकवर सलग तीन वाक्यं मिळाली नाहीत.

पाचवी कराराची, आणि बाकी सगळ्याचं मूळ इथेच आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यासुद्धा पैलवानाला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानतात. लहान कंपन्यांचं तर विचारूच नका. रिंगमध्ये हाड मोडलं तर खर्च मिळेल, पण गाठीचं काय? ती "आधीपासूनचा आजार" ठरते. गंमत नाही करत मी, हे शब्द माझ्या कागदावर आहेत. ज्या आजारामुळे तुम्ही मला घेतलंत, तोच आजार खर्चाच्या वेळी माझा खाजगी झाला. आणि जायंटचं आयुष्य तुमच्याकडे किती? एकेका नावाजलेल्याने त्याला हरवलं की नवलाई संपली. त्यानंतर त्याला मधुमेह होतो, गुडघे बदलावे लागतात. तेव्हा तो तुमच्या यादीत नसतो.

हे सगळं करता येण्याजोगं नाही, असं सांगू नका. एडी गरेरो हा पैलवान हृदयाच्या आजाराने गेल्यानंतर २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने हृदयाच्या तपासणीसह आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आधी तेही "जमणार नाही" म्हटलं जायचं.

माझ्या मागण्या अशा.

जायंट म्हणून कुणाशीही करार करण्याआधी त्याच्या रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे वाढीचं संप्रेरक जास्त आहे का हे दाखवणारं द्रव्य, तपासा. शंका आली तर पिट्युटरीचा एमआरआय, हृदयाची इको, झोपेची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करा. तपासणारा डॉक्टर तुमच्या पगारावरचा नसावा, आणि अहवाल आधी पैलवानाच्या हातात पडावा.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर कोणतीही टूर, कोणताही शो त्याच्या आड येणार नाही, आणि बरं होईपर्यंतचे पैसे त्याला मिळतील, हे करारात लिहा. नुसतं तोंडी नको.

किमान एक वर्ष शिकवल्याशिवाय त्याला रिंगमध्ये उभं करू नका.

दोरीवरून जायचं की दोऱ्यांमधून, हे त्याचं त्याला ठरवू द्या.

प्रवासात त्याला आडवं होता येईल अशी जागा द्या, डॉक्टरकडे त्याच्या मापाचा पट्टा ठेवा, शोच्या गावातल्या रुग्णालयाला त्याच्या आजाराची आगाऊ कल्पना द्या. यातलं काहीही महाग नाही.

करार संपल्यावर निदान दहा वर्षं या आजाराच्या आणि सांध्यांच्या उपचाराचा खर्च उचला. या मागणीवर तुम्ही सगळ्यात जास्त अडून बसाल, मला माहीत आहे. मीही यावरून मागे हटणार नाही.

आणि त्याची खरी उंची सांगा. ती पुरेशी आहे.

प्रेक्षकांनाही दोन शब्द. तुम्ही आम्हाला प्रेमच दिलंत. विमानतळावर, रस्त्यात, लहान मुलं माझ्या तळहातावर आपला हात ठेवून माप बघायची, ते मला फार आवडायचं. एवढंच मागतो, की एखादा जायंट दोऱ्यांमधून वाकून आत आला तर ओरडू नका. आत आल्यावर तो काय करतो ते बघा.

त्या मुलाविषयी. मी त्याला शिकवणं थांबवलेलं नाही, पण त्याला रिंगमध्ये उभं करायला मी हो म्हणणार नाही, आणि ज्यांनी मला बोलावलं त्यांना तसं लेखी कळवलं आहे. तुमची टूर सात आठवड्यांनी सुरू होते. शस्त्रक्रियेला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळू शकते, मी स्वतः विचारून आलोय. तुमच्याकडून फक्त त्याच्या करारावर एक ओळ हवी आहे, की गैरहजेरीमुळे त्याला काढलं जाणार नाही. त्या ओळीशिवाय तो जायला तयार नाही. घरचं सगळं त्याच्यावर आहे, आणि ही संधी पुन्हा येणार नाही असं त्याला वाटतं. सतरा वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं होतं.

तुमची ओळ आली की त्याच दिवशी आम्ही निघू. मी त्याच्यासाठी एक नंबर मोठा बूट घेऊन ठेवलाय. पुढच्या वर्षीही तोच त्याच्या पायात बसावा, अशी माझी इच्छा आहे.

आपला,
तुमच्या रिंगमध्ये चौदा वर्षं काढलेला एक पैलवान